यंत्राच्या आड लपू नका

प्रत्यक्ष स्थळी जाऊन तेथील आवाज मुद्रित करावयाचे आणि त्यांचीच कलाकृती म्हणून मांडणी करावयाची, असा विषय निघाला की आपल्यातील रसिक नाक मुरडतात. ‘‘यात कलावंताने काय केले? सारे यंत्रानेच केले!’’ छायाचित्रकलेवर हाच आक्षेप घेऊन झाला. तरी तो मरावयास तयार नाही.

१९४८ साली पिएर शेफर याने पॅरिसच्या बातिन्योल स्थानकातील आगगाड्यांचे आवाज मुद्रित करून त्यांची रचना रेडिओवर ऐकविली. आवाज कशाचा हे विसरून केवळ त्याचा पोत ऐकावा, हा त्याचा आग्रह. ल्यूक फेरारी याने उलट वाट धरली. १९६८ च्या सुमारास, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील आणि आजच्या क्रोएशियातील वेला लुका या मच्छीमारांच्या गावी त्याने पहाटेचे आवाज टिपले : होड्यांची इंजिने, गाढवे, बायकांचे बोलणे, कीटकांची चढत जाणारी किरकिर. १९७० मध्ये पुऱ्या झालेल्या त्या रचनेच्या नावाचा अर्थ ‘जवळजवळ काहीच नाही’. ती अवघी सुमारे २१ मिनिटांची. अशी पहाट त्या गावात कधी उगवलीच नव्हती. ती फेरारीने रचली.

मायक्रोफोन कोठे ठेवला, काय राखले, काय गाळले, यांतच कर्तृत्व आहे. फाइलीवर टिपणे लिहिणाऱ्या आपल्या वर्गाला हे कोणी शिकवावयास नको. एकही शब्द खोटा न लिहिता प्रकरण हवे तिकडे झुकविता येते!

म्हणूनच ‘हे निखळ सत्य’ म्हणणारे भक्तही तितकेच चुकतात. निवड केली की जबाबदारी आली. कोस्टारिकातील अरण्याचे आवाज घेऊन १९९८ मध्ये ‘ला सेल्वा’ रचणाऱ्या फ्रान्सिस्को लोपेझचे म्हणणे असे, की आवाजाच्या उगमाची ओळख कानाला बांधून टाकते. पावसापुरते हे मान्य. पाऊस आपले नाव मागत नाही. परंतु माणसाचा आवाज ही बेवारशी मालमत्ता नव्हे. तो घेताना विचारले पाहिजे. मांडताना स्थळ, काळ आणि काटछाट सांगितली पाहिजे. हेमा राईरकर व गी पॉइतव्हाँ यांच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या जात्यावरील ओव्यांच्या संग्रहात गाणाऱ्या बायांची नावे-गावे नोंदली गेली. त्याने ओवीची गोडी उणावली काय?

ती माहिती बाजूस सारून ऐकणे हा श्रोत्याचा अधिकार. ती दडविणे हा कलावंताचा नव्हे. मान कलावंताचा आणि उत्तरदायित्व यंत्राचे, ही वाटणी चालावयाची नाही.