जुने नाशिक व पंचवटीतील बाजारपेठांची सुरक्षितता आणि व्यवसाय यांबाबतचे निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका,
राजीव गांधी भवन, शरणपूर रोड, नाशिक.

विषय : सिंहस्थापूर्वी जुने नाशिक व पंचवटीतील बाजारपेठा गर्दी, पूर, आग आणि गुन्हेगारी यांपासून सुरक्षित करणे व तेथील व्यवसाय चालू राखणे याबाबत.

महोदय,

रविवार कारंजापासून मेन रोड, दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार, कापड पेठ आणि पुढे रामकुंड. नदीपलीकडे मालवीय चौक, सरदार चौक आणि काळाराम मंदिराचा परिसर. या भागात राहणारे, दुकान चालवणारे, कारखान्यात हात काळे करणारे आणि पथारी लावून बसणारे आम्ही नागरिक हे निवेदन आपल्याला सादर करीत आहोत.

३१ ऑक्टोबर २०२६ रोजी रामकुंडावर सिंहस्थ कुंभमेळ्याच्या ध्वजारोहणाचा मुहूर्त ठरला आहे. नाशिकची अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला आहेत. त्यासाठी रस्ते, पूल आणि घाट यांची मोठी कामे हाती घेतली जात आहेत आणि त्यांना आमचा पाठिंबाच आहे. परंतु बाह्यवळण रस्ता कितीही रुंद झाला, तरी भाविक अखेरचा अर्धा मैल आमच्याच गल्ल्यांतून चालत येतो. त्या अर्ध्या मैलाचा विचार नियोजनात सर्वांत शेवटी होतो आणि तोही बहुधा पोलीस बंदोबस्तापुरताच. सुरक्षिततेसाठी बाजार बंद ठेवावा लागतो, ही समजूत आता सोडून द्यावी, हे आमचे मुख्य म्हणणे आहे. आमचा अनुभव नेमका उलटा आहे.

२७ ऑगस्ट २००३ चा दिवस हा परिसर विसरलेला नाही. सरदार चौकाजवळच्या अरुंद, उताराच्या रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली आणि तीसहून अधिक भाविकांचा जीव गेला. त्यानंतर रमणी आयोगाने चौकशी केली. पुढच्या सिंहस्थात, म्हणजे २०१५ मध्ये, शाही मिरवणुकीचा मार्ग बदलला गेला. हा बदल योग्य होता. मात्र त्याच वर्षी २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला दुसरे टोक गाठले गेले. जागोजागी नाकेबंदी झाली, वाहने शहराबाहेर अडवली गेली आणि वृद्ध भाविकांनाही मैलोन्मैल चालावे लागले. गर्दी अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी झाली. पर्वणीसाठी माल भरून ठेवलेले दुकानदार रिकाम्या रस्त्याकडे पाहत बसले. नाशिककरांची नाराजी प्रशासनापर्यंत पोहोचली, दुसऱ्या पर्वणीसाठी बंधने सैल करण्यात आली आणि १३ सप्टेंबरला प्रचंड जनसमुदाय येऊनही स्नान सुरळीत पार पडले. म्हणजे शहराने पंधरा दिवसांत धडा घेतला होता. तो धडा २०२७ च्या आराखड्यात पहिल्या दिवसापासून असावा, एवढेच आम्ही मागतो आहोत.

गर्दीत माणूस दगावतो तो मुख्यतः दाबाने, छातीला हालचाल करायला जागा न उरल्याने. प्रयागराजच्या कुंभमेळ्यात २९ जानेवारी २०२५ च्या पहाटे झालेली चेंगराचेंगरी साऱ्या देशाने पाहिली. दोन्ही बाजूंची शटर्स खाली असली की आमची गल्ली बंद नळीसारखी होते. पुढून अडले आणि मागून रेटा आला तर बाजूला सरकायला वीतभर जागा नसते. तेच दुकान उघडे असले तर ओट्यावर चार म्हाताऱ्या बसतात, हरवलेले मूल सावलीत थांबते, कुणाला घोटभर पाणी मिळते, आणि भाषा न कळणाऱ्याला रामकुंड कुठे हे सांगणारा माणूस भेटतो. म्हणून पर्वणीच्या दिवशी सरसकट दुकानबंदीचा आदेश काढू नये. प्रत्येक गल्लीत एका वेळी किती माणसे मावतात याचे मोजमाप तज्ज्ञांकडून करून घ्यावे. येण्याचे आणि जाण्याचे रस्ते वेगळे ठेवावेत आणि ते आताच जाहीर करावेत. त्यांची रंगीत तालीम बुधवारच्या आठवडे बाजारी आणि श्रावणी सोमवारी व्हावी. आमच्या बाजूने आम्ही शब्द देतो की दुकानापुढे वाढवलेल्या पायऱ्या, लटकवलेला माल आणि फलक आम्ही स्वतः आत घेऊ, आणि दर दुकानामागे एक माणूस प्रशिक्षणासाठी पाठवू. रमणी आयोगाच्या शिफारशींपैकी काय अमलात आले आणि काय राहिले, हेही महापालिकेने जनतेसमोर मांडावे.

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, पाणी मात्र दरवर्षी येते. सप्टेंबर २००८ आणि २ ऑगस्ट २०१६ चे गोदावरीचे पूर सर्वांना ठाऊक आहेत. सराफ बाजार आणि दहीपुलावरच्या दुकानदाराला त्याहून जास्त धास्ती वाटते ती सरस्वती नाल्याची. नदी पात्रात असतानाही तासाभराच्या जोरदार पावसात हा बराचसा झाकलेला नाला तुंबतो आणि पाणी दुकानात शिरते. सोन्याचे दागिने उचलून वर ठेवता येतात. कापडाचे गठ्ठे, किराणा आणि कारागिराची भट्टी उचलता येत नाही. नदी आणि नाला एकाच वेळी भरले तर नाल्याला वाट मिळत नाही आणि फुगवटा मागे बाजारात पसरतो. या नाल्याची संपूर्ण लांबीची पाहणी करून गाळ काढण्याचे काम मे महिन्याच्या आत पूर्ण व्हावे. तोंडाशी उलटे पाणी रोखणारी झडप आणि पंप बसवता येतील का, याचा अहवाल मागवावा. रस्त्याचे नवे काम करताना दुकानाच्या उंबऱ्याची पातळी आधी मोजावी; रस्ता उंबऱ्याच्या वर गेला की पुढच्या पावसाळ्यात काय होणार हे सांगायला अभियंता लागत नाही.

पुराच्या इशाऱ्याबद्दलही एक विनंती आहे. गंगापूर धरणातून इतक्या क्युसेकने विसर्ग सोडला, अशी सूचना मोबाईलवर येते. त्या आकड्यावरून भांडी बाजारातल्या दुकानदाराला आपला माल हलवायचा की नाही हे कळत नाही. नाशिककर पूर मोजतो तो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर : गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याला आले. ही खूण आणि होळकर पुलाखालचा विसर्ग यांची सांगड घालून, किती विसर्गाला कोणत्या गल्लीत किती वेळात पाणी येते, याचा नकाशा महापालिका आणि जलसंपदा विभागाने तयार करावा आणि तो प्रत्येक चौकात लावावा. २००८ आणि २०१६ ची नोंद उपलब्ध आहे, त्यामुळे हे काम अवघड नाही.

वाड्यांचा प्रश्न आमच्या मनाला सर्वांत जास्त लागणारा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा निघतात, भिंतीवर चिकटवल्या जातात आणि पावसात विरघळून जातात. मालकाला भाडे इतके तुटपुंजे मिळते की दुरुस्ती परवडत नाही. भाडेकरूला भीती असते की एकदा बाहेर पडलो की परत पाय ठेवता येणार नाही. नदीकाठच्या मिळकतींवर पूररेषेची बंधने आहेत, त्यामुळे पाडून नवे बांधणेही सोपे नाही. या तिढ्यात सागवानी खांबांचे, मातीच्या भिंतींचे घर हळूहळू खचते आणि आत माणसे राहत असतात. केवळ नोटिशीने जबाबदारी संपत नाही. प्रत्येक धोकादायक वाड्याची संरचनात्मक तपासणी महापालिकेने स्वतःच्या खर्चाने करावी. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी संक्रमण निवाऱ्याची सोय जवळपासच करावी आणि भाडेकरूला परत येण्याच्या हक्काचे लेखी प्रमाणपत्र द्यावे. गावठाणाच्या पुनर्विकासाची योजना आमच्याशी बोलून आखावी. जे वाडे वाचवता येतात ते वाचवावेत. त्यात पर्यटकही येईल आणि सुतारालाही काम मिळेल.

याच गल्ल्यांत अग्निशमनाचा मोठा बंब वळत नाही. शिंगाडा तलावाजवळच्या अग्निशमन केंद्रातून निघालेली गाडी मेन रोडपर्यंत पोहोचली, तरी पुढची शंभर पावले कसे जायचे हा प्रश्न उरतो. अरुंद रस्त्यांसाठी लहान वाहने, ठरावीक अंतरावर पाण्याचे नळखांब, सैल लोंबणाऱ्या विजेच्या तारांची दुरुस्ती, आणि महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दुकानांची आणि लहान कारखान्यांची तपासणी व्हावी. तपासणीचा पहिला फेरा मार्गदर्शनाचा असावा आणि दंड दुसऱ्या फेऱ्यापासून लागू व्हावा.

पथविक्रेत्यांविषयी आम्ही दुकानदार आणि पथारीवाले या निवेदनात मुद्दाम एकत्र आलो आहोत, कारण आमच्यात भांडण लावून प्रश्न सुटला असे आजवर झालेले नाही. पथविक्रेता अधिनियम, २०१४ सांगतो की सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्र दिले जाईपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान चाळीस टक्के असावेत आणि त्यांतील एक तृतीयांश महिला असाव्यात, असेही त्यात आहे. सिंहस्थाच्या नावाखाली अतिक्रमण विभागाच्या गाडीत भाजीची टोपली गेली, तर त्या बाईची दिवसाची मजुरीही जाते आणि उधार आणलेले भांडवलही. दुसरीकडे गणेशवाडीत मंडई बांधूनही ती वर्षानुवर्षे ओस राहिली, कारण गिऱ्हाईक जिथून चालत जाते तिथे ती नव्हती. जागा ठरवताना विक्रेत्याला आणि गिऱ्हाइकाला आधी विचारा, मगच पट्टे आखा. दिवसा विक्री, सकाळी दहाच्या आत मालाची चढउतार आणि संध्याकाळी वाहनबंदी असे वेळापत्रक मेन रोडवर तीन महिने करून पाहावे. त्यासाठी ईदगाह मैदान, डोंगरे वसतिगृह मैदान आणि तपोवन इथून रविवार कारंजापर्यंत सिटीलिंकच्या लहान बसगाड्या दर काही मिनिटांनी सोडाव्यात. चालण्याजोगा पदपथ आणि स्वच्छ, पाणी असलेली महिलांची स्वच्छतागृहे या दोन गोष्टी नसल्यामुळे नाशिकरोड आणि सिडकोकडची गिऱ्हाइके आता इकडे येणे टाळतात.

रात्री नऊनंतर दिवे विझलेल्या गल्ल्यांत पथदिवे लागावेत आणि सीसीटीव्ही कॅमेऱ्यांपैकी किती चालू आहेत याचा मासिक तपशील प्रसिद्ध व्हावा. सोनसाखळी चोरीची तक्रार नोंदवायला आलेल्या महिलेला भद्रकाली, सरकारवाडा आणि पंचवटी ठाण्यांच्या हद्दीवरून फिरवले जाऊ नये. ही विनंती आम्ही मा. पोलीस आयुक्तांकडेही करीत आहोत.

जातीय सलोख्याचा मुद्दा स्पष्ट लिहितो. १६ ऑगस्ट २०२४ च्या बंदमध्ये भद्रकालीत दगडफेक झाली. अशा दिवशी नुकसान दोन्हीकडच्या दुकानांचे होते आणि पुढचे आठ दिवस अफवेनेच बाजार झोपतो. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर सुरेश खोपडे यांनी पोलीस उपायुक्त असताना उभारलेल्या मोहल्ला समित्यांमुळे १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असतानाही ते शहर शांत राहिले. चौक मंडई, दूध बाजार, शालिमार, तिवंधा येथे अशाच समित्या हव्यात आणि त्या शांततेच्या काळात, दर महिन्याला बसाव्यात. त्यांत हमाल, रिक्षाचालक आणि महिला बचत गटांचे प्रतिनिधी असावेत. केवळ पुढारी असू नयेत.

सिंहस्थाच्या खर्चातून येथील हातांना काम मिळावे, ही आमची आग्रहाची मागणी आहे. रामकुंडाचे पाणी घरी नेण्यासाठी लागणारा तांब्याचा गडू इथल्या तांबटाकडे घडू शकतो. तो बाहेरून यंत्रावर बनून येण्याचे कारण नाही. साधुग्राम आणि घाटांवरील गाळ्यांत स्थानिक कारागीर, बचत गट आणि नोंदणीकृत पथविक्रेते यांच्यासाठी राखीव वाटा ठेवावा आणि त्यांचे भाडे लिलावाने वाढवू नये. रस्त्यांचे खोदकाम करताना एका गल्लीचे काम पूर्ण झाल्याखेरीज शेजारची गल्ली खणू नये, प्रत्येक कामाची मुदत फलकावर लिहावी, आणि मुदत टळल्यास त्या काळापुरती मालमत्ताकरात सवलत द्यावी. शनी चौक, तिवंधा आणि दिल्ली दरवाजा येथील पेशवेकालीन रहाडी (रंग खेळण्याचे हौद) रस्त्याखाली आहेत. रंगपंचमीला त्या उघडतात तेव्हा अख्खे शहर जुन्या नाशकात लोटते. काँक्रीट टाकताना त्यांची जागा आणि पाण्याची वाट तशीच राखावी.

वरील मागण्यांवर महापालिका, पोलीस आयुक्तालय, कुंभमेळा प्राधिकरण आणि जलसंपदा विभाग यांची संयुक्त बैठक पंधरा दिवसांत घ्यावी आणि तिला आमचे प्रतिनिधी बोलवावेत. बैठकीआधी आपण एका बुधवारी सायंकाळी रविवार कारंजावरून रामकुंडापर्यंत आमच्यासोबत पायी यावे. सरस्वती नाल्याचे काम, वाड्यांची तपासणी आणि पथविक्रेत्यांची प्रमाणपत्रे यांच्या तारखा लेखी कळवाव्यात, ही विनंती.

आपले विश्वासू,
जुने नाशिक व पंचवटी परिसरातील रहिवासी, व्यापारी, कारागीर व पथविक्रेते
(सह्यांची यादी सोबत)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, नाशिक
मा. पोलीस आयुक्त, नाशिक शहर
मा. आयुक्त, नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण