रिव्हर्स कॅमेऱ्याला करंट कुठून घ्यायचा? मोटार-वायरमन बांधवांनी विचार करावा

मोटारीला मागचा कॅमेरा बसवून देण्याचे काम गेल्या काही वर्षांत आपल्या कारागिरांकडे मोठ्या प्रमाणावर येऊ लागले आहे. नाहूरचेच उदाहरण घ्या. भांडुप आणि मुलुंड यांच्या मध्ये असलेल्या या वस्तीला २००६ साली स्वतःचे रेल्वे स्टेशन मिळाले. पाहता पाहता आजूबाजूला उंच इमारती उभ्या राहिल्या. या इमारतींमध्ये मोटार खांबांच्या मधून मागे घ्यावी लागते. लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या गाळ्यांमध्ये माल उतरविणाऱ्या टेम्पोला तर अरुंद बोळातून उलटे आत शिरण्यावाचून गत्यंतर नसते. साहजिकच कॅमेऱ्याला मागणी आहे, आणि हे काम गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे येते.

ही मागणी केवळ हौसेची नाही. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागच्या अडथळ्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. कॅमेरा मात्र सक्तीचा झाला नाही, आणि त्याआधीच्या असंख्य गाड्यांना तर दोन्ही नाही. अमेरिकेत २००२ साली कॅमेरॉन गुलब्रान्सन नावाचा दोन वर्षांचा मुलगा घरासमोरच वडिलांच्या गाडीखाली सापडून मरण पावला. गाडी मागे घेताना वडिलांना तो दिसलाच नाही. त्याच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला आणि मे २०१८ पासून तेथे प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा बंधनकारक ठरला. म्हणजे आपला कारागीर जी वस्तू बसवितो ती एखाद्या मुलाचा जीव वाचविणारी वस्तू आहे. ती ऐन वेळी बंद पडली तर ती नसल्यापेक्षाही वाईट, कारण ड्रायव्हर तिच्या भरवशावर मान वळवून पाहण्याचे सोडून देतो.

आता मुद्द्याकडे येऊ. कॅमेरा डिकीजवळ चिकटविणे आणि पडदा समोर बसविणे यात विशेष कौशल्य नाही. खरा प्रश्न आहे तो कॅमेऱ्याला करंट कुठून द्यायचा हा. पडद्यावर रेघा येणे, चित्र थरथरणे, बॅटरी उतरणे, फ्यूज जाणे, अशा तक्रारी घेऊन गिऱ्हाईक परत येते तेव्हा दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसून करंट घेतलेल्या जागेचा असतो. “वायरलेस” कॅमेऱ्याबद्दलही गिऱ्हाइकाचा गैरसमज असतो. त्यात फक्त चित्र तारेशिवाय जाते. सोबत स्वतःची बॅटरी नसेल तर त्यालाही करंट द्यावाच लागतो.

रिव्हर्स लाइटची सोपी वाट

सर्वांत रूढ पद्धत म्हणजे मागच्या पांढऱ्या रिव्हर्स लाइटची वायर सोलून तिलाच कॅमेरा जोडणे. जुन्या गाड्यांसाठी ही पद्धत उत्तम होती. उपनगरातल्या कितीतरी उस्तादांचा हात कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीवर बसला. त्या गाडीची वायरिंग म्हणजे उघडे पुस्तक. वायर कुठून निघाली आणि कुठे गेली, हे डोळ्यांना दिसायचे. अशा जुन्या गाड्यांत गिअर रिव्हर्समध्ये टाकला की बटण दाबले जाई आणि बॅटरीचा करंट सरळ दिव्यापर्यंत पोचे. त्या दिव्याचा बल्ब साधारण २१ वॅटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअर घेणारा. कॅमेरा घेतो एक ते दोन वॅट. इतक्या मोठ्या ओझ्यावर हे छोटे ओझे जाणवतही नसे.

पण मुंबईच्या टॅक्सी ताफ्यातून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली आणि गाड्याही बदलल्या. आजच्या अनेक गाड्यांत दिव्याला करंट देण्याचे काम एक इलेक्ट्रॉनिक पेटी करते. ही पेटी काही गाड्यांत सलग करंट न देता तो क्षणाक्षणाला तोडून देते. बल्बला त्याने फरक पडत नाही, डोळ्यालाही कळत नाही. कॅमेरा मात्र त्या तुटक करंटावर चालत नाही आणि चित्र लुकलुकते. शिवाय ही पेटी बल्ब किती करंट घेतो यावर लक्ष ठेवते. एलईडी दिवा असेल तर मुळातच करंट थोडा, त्यात कॅमेऱ्याची भर पडली की समोर इशाऱ्याचा दिवा लागतो.

म्हणून पहिली गोष्ट, टेस्ट लॅम्पवर विसंबणे सोडा. टेस्ट लॅम्प करंट आहे की नाही एवढेच सांगतो, तो कसा आहे हे सांगत नाही. उलट बल्बचा टेस्ट लॅम्प स्वतःच करंट ओढतो आणि नव्या गाडीच्या नाजूक तारेवर लावला तर नुकसानही करू शकतो. मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद असताना बॅटरीवर साडेबाराच्या आसपास आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट दिसतात. इंजिन चालू ठेवून रिव्हर्स लाइटवर तेवढेच व्होल्ट दिसले तर बहुधा करंट सलग आहे. आठ-दहाच दिसले तर समजा की करंट तुटक आहे किंवा वाटेत कुठे जोड खराब आहे. दोन्ही स्थितीत कॅमेरा तेथे जोडू नये. या मोजणीला दोन मिनिटेही लागत नाहीत.

फ्यूज बॉक्स, रिले आणि थेट बॅटरी

दुसरी वाट फ्यूज बॉक्सची. किल्ली फिरविल्यावर चालू होणाऱ्या आणि किल्ली काढल्यावर बंद होणाऱ्या फ्यूजवरून, म्हणजे रेडिओ किंवा सिगारेट लायटरच्या फ्यूजवरून, करंट घ्यावा. बाजारात दोन फ्यूज बसणारा जोड-फ्यूज मिळतो. त्यामुळे कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही. कॅमेऱ्यासाठी एक किंवा दोन अँपिअरचा फ्यूज पुरे. एअरबॅग, ब्रेक आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचे फ्यूज मात्र कधीही वापरू नयेत, मग जागा कितीही सोयीची असो.

या पद्धतीत गाडी चालू असेपर्यंत कॅमेरा तापत राहतो. त्यावर उपाय म्हणून रिले लावतात. रिव्हर्स लाइटच्या वायरीने फक्त रिलेला इशारा द्यायचा आणि कॅमेऱ्याचा करंट फ्यूज बॉक्समधून आणायचा. पद्धत चांगली आहे, पण रिले म्हणजे रामबाण औषध असे समजू नये. साध्या रिलेची कॉइल स्वतः दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास करंट घेते, म्हणजे जवळजवळ कॅमेऱ्याइतकाच. त्यामुळे दिव्याच्या वायरीवरचे ओझे कमी होत नाही, कॅमेऱ्याला सलग करंट मिळतो इतकेच. आणि दिव्याचा करंट तुटक असेल तर रिले तडतडत राहतो. तेथे डायोड आणि कपॅसिटर असलेला तयार फिल्टर लावावा लागतो. कॉइलवर उलटा डायोडही जरूर असावा, नाहीतर रिले सुटताना उठणारा झटका गाडीच्या पेटीपर्यंत जातो.

आणखी एक सोय बरेच जण पाहतच नाहीत. कित्येक स्क्रीनच्या मागे कॅमेऱ्यासाठी बारा व्होल्टची वेगळी वायर दिलेली असते. कॅमेऱ्याच्या पिवळ्या पिनच्या केबलबरोबर दोन्ही टोकांना एक बारीक लाल वायरही येते. ती अनेकदा कापून टाकली जाते. खरे म्हणजे मागचा इशारा पुढे नेण्यासाठी किंवा पुढचा करंट मागे नेण्यासाठीच ती दिलेली आहे. कागद वाचून काम केले तर निम्मी वायरिंग वाचते.

चौथी वाट म्हणजे थेट बॅटरी, आणि ती वाट बंदच समजावी. हिशेब करा. शंभर मिलिअँपिअर घेणारा कॅमेरा दिवसाला २.४ अँपिअर-तास खातो. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. गिऱ्हाईक दहा दिवस गावाला गेले तर २४ अँपिअर-तास गेले. परत आल्यावर गाडी सुरू होणार नाही आणि नाव आपले खराब होईल.

टेम्पो, ट्रक आणि नव्या गाड्या

नाहूर-भांडुपच्या पट्ट्यात मालवाहू गाड्यांचे काम बरेच येते. लहान टेम्पो बारा व्होल्टवर चालतात, मोठे ट्रक चोवीस व्होल्टवर. ट्रकचे इंजिन चालू असताना तेथे अठ्ठावीसच्या आसपास व्होल्ट असतात. केवळ बारा व्होल्टचा कॅमेरा तेथे लावला तर तो जळणारच. काही जण दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून बारा व्होल्ट काढतात. हे फार चुकीचे आहे. ती एक बॅटरी कायम अर्धवट चार्ज राहते, दुसरी जादा चार्ज होते, आणि थोड्याच काळात दोन्ही बदलाव्या लागतात. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लावावा, किंवा दोन्ही व्होल्टेजवर चालणारा कॅमेरा घ्यावा. लॅमिंग्टन रोडवर दोन्ही मिळतात.

सीएनजी गाड्यांत सिलिंडर बहुधा डिकीतच असतो. तेथे पिळून टेप गुंडाळलेला जोड ठेवणे म्हणजे ठिणगीला आमंत्रण. जोड सिलिंडर आणि त्याच्या व्हॉल्व्हपासून दूर असावा, डाग दिलेला असावा आणि त्यावर गरम करून आवळणारी नळी असावी. पावसाळ्यात टेपखाली पाणी शिरून तांबे हिरवे पडते हे मुंबईच्या वायरमनला सांगायला नको. फ्यूज करंट घेतो त्या जागेपासून वीतभर अंतरातच हवा. दूर कॅमेऱ्याजवळ लावलेला फ्यूज मधल्या लांब वायरीचे रक्षण करत नाही. डिकीच्या दाराशी वायर रबरी नळीतूनच न्यावी, कारण रोजच्या उघडझापीत ती तेथेच तुटते.

विजेवर चालणाऱ्या गाड्याही आता येत आहेत. त्यांत दिवे, हॉर्न वगैरेंसाठी बहुधा बारा व्होल्टची वेगळी बॅटरी असते. कॅमेऱ्याचा संबंध तिच्याशीच. नारिंगी रंगाच्या जाड केबलला कोणीही हात लावू नये. तेथे शेकडो व्होल्ट असतात आणि एक चूक प्राणावर बेतू शकते. असे काम आपल्याला येत नसेल तर नाही म्हणण्यात कमीपणा नाही.

प्रश्न रोजीचा आहे

कोणी म्हणेल, गिऱ्हाईकच घाई करते. “लाइटची वायर जोड आणि मोकळा हो” असे तेच सांगते, आणि शेजारचा दुकानदार त्याच कामाचे कमी पैसे घेतो. हे खरे आहे. पण पुढे काय होते? कॅमेरा लुकलुकतो. गिऱ्हाईक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाते. तेथे कापलेली वायर दिसते, वॉरंटीचा वाद उभा राहतो आणि खापर गल्लीतल्या कारागिरावर फुटते. ते गिऱ्हाईक पुन्हा आपल्याकडे येत नाही, कॅमेऱ्यासाठी नाही आणि साध्या हॉर्नसाठीही नाही. वाचविलेली किंमत किती? एक रिले, एक फ्यूज आणि अर्धा तास. कॅमेऱ्याच्या किमतीपुढे ती नगण्य आहे. एका कामात वाचविलेल्या थोड्या पैशांपायी दहा वर्षांचे गिऱ्हाईक घालविणे याला धंदा म्हणत नाहीत.

म्हणून काही गोष्टी आपण सर्वांनी मिळून ठरवायला हव्यात. पहिली, प्रत्येक कामाची पावती द्यावी आणि तीवर करंट कुठून घेतला, फ्यूज किती अँपिअरचा आणि तो कुठे आहे हे लिहावे. उद्या गाडी कुणाच्याही हाती गेली तरी त्याला शोधाशोध करावी लागणार नाही, आणि आपल्या कामावर खोटा आळही येणार नाही. दुसरी, मजुरीचे दोन दर उघड सांगू नयेत, एकच दर असावा आणि त्यात फ्यूज धरलेलाच असावा. सुरक्षितता ही गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडायची वस्तू नव्हे.

तिसरी गोष्ट व्यापाऱ्यांसाठी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोटारीच्या सामानाचा एवढा मोठा बाजार आहे. तेथून कॅमेरा विकणाऱ्या दुकानदाराने त्याच पाकिटात फ्यूज, रिले, कनेक्टर आणि मराठी-हिंदीत छापलेली जोडणीची आकृती द्यावी. व्यापाऱ्याला त्यात चार पैसे जादा मिळतील आणि त्याच्या मालाच्या तक्रारी कमी होतील. आज कॅमेऱ्याबरोबर येणारा कागद आपल्या कारागिराला वाचताच येत नाही, मग त्याने तो फेकून दिला तर दोष कुणाचा?

चौथी गोष्ट शिक्षणाची. उस्तादाकडून शागिर्दाकडे जाणारी विद्या अनमोल आहे, पण उस्ताद ज्या गाडीवर शिकला ती गाडीच आता रस्त्यावर नाही. मुलुंडला सरकारी आयटीआय आहे. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलांना मोटारीच्या विजेचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे रीतसर शिक्षण कुठे व कसे मिळेल याची चौकशी मालकांनी करावी. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवी कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची तरतूद आहे. वीस वर्षे हाताने काम केलेल्या माणसाला त्याचा लाभ घेण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

मोटार बदलत राहणार. आज कॅमेरा आहे, उद्या दुसरे काही येईल. प्रत्येक नव्या वस्तूला करंट लागेल आणि तो नीट देणारा माणूसही लागेल. तो माणूस कंपनीच्या काचेआडच्या वर्कशॉपमध्येच असावा असा काही नियम नाही. नाहूरच्या गल्लीतल्या दहा बाय दहाच्या गाळ्यातही तो असू शकतो. मात्र त्याच्या हातात मल्टिमीटर हवा आणि गिऱ्हाइकाच्या हातात त्याची पावती हवी.