तूप आणि तुप्प

इटलीतला मनुष्य मित्राला 'अमीको' म्हणतो, स्पेनमधला 'अमीगो'. इकडचा जोव्हान्नी तिकडे ह्वान होतो. पण यात नवल कसले? दोन्ही भाषा लॅटिनच्या पोटच्या. सख्ख्या बहिणींचे तोंडवळे सारखे असायचेच.

खरे नवल आपल्या कवठे महांकाळात आहे. मराठी प्राकृताच्या वंशातली, कानडी द्राविडी, कूळच वेगळे. तरी आपले तूप अथणीकडे 'तुप्प' आहे. अण्णा, अक्का, अप्पा दोन्हीकडचे. सदऱ्याची गुंडी दोन्हीकडे गुंडीच. सुपारीला कानडीत 'अडिके' म्हणतात हे कळले, की आजीच्या पानाच्या डब्यातल्या अडकित्त्याचे माहेरही कळते. आरेवाडीचा बिरोबा कानडी धनगराच्या तोंडी बीरप्पा होतो, नवस तोच राहतो. एवढेच काय, वाक्याची घडणही जुळते. आपण म्हणतो, 'येतो म्हणून सांगितले'. कानडी म्हणतो, 'बरुत्तेने अंत हेळिद'. आपले 'म्हणून' आणि त्यांचे 'अंत', दोन्ही 'म्हणणे' याच अर्थाच्या धातूंपासून आलेले. शब्द उसना घेता येतो. वाक्याचा सांगाडा सारखा व्हायला पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार लागतो.

फसगतही होते. आपली ताई म्हणजे थोरली बहीण, कानडीत 'तायी' म्हणजे आई. (इटालियनात 'बुर्रो' म्हणजे लोणी आणि स्पॅनिशमध्ये गाढव, त्या मानाने आपले बरे!)

असे असता निबंधात 'गुंडी' लिहिले की खाली लाल रेघ येते. माझ्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. घरच्या शब्दांवर रेघ पाहिली की घरच्यांवरच रेघ ओढल्यासारखी वाटते. मग मुले ते शब्द लपवायला शिकतात आणि पुण्याकडचे बोलू लागतात. हे मला मुळीच मान्य नाही.

दुसरी मंडळी याच शब्दांचा सातबारा करतात. अमका शब्द आमचा, म्हणून तमके गाव आमचे. १९५६ साली अथणी तालुका तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तुपाला ते कुणी कळवले नाही. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी चावुंडरायाचे नाव कानडी, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांत कोरले आहे. कोरणाऱ्यांना त्यात भांडण दिसले नसावे.

मराठी विभागाला माझी एक सूचना आहे. पुढच्या अंकासाठी प्रत्येक विद्यार्थ्याकडून घरचे दहा शब्द मागवावेत, अर्थासह. जत तालुक्यात कानडी शाळांत शिकलेले मित्र आहेत, त्यांच्याकडून ते पडताळून घ्यावेत. माझी आजी एकटीच वीस देईल.