पावलांच्या विजेचा जमाखर्च

स्वयंपाकघरातील गॅस पेटविण्याच्या लायटरमध्ये सेल नसतो, तरी खटका दाबताच ठिणगी उडते. आतील लहानशी हातोडी एका विशिष्ट पदार्थावर आदळते आणि त्या आघाताने क्षणभर हजारो व्होल्टचा विद्युतदाब उत्पन्न होतो. पिएर व झाक क्युरी या बंधूंनी १८८० साली पॅरिस येथे क्वार्ट्झ, टुर्मलीन इत्यादी स्फटिकांत हा दाबविद्युत गुणधर्म शोधून काढला.

याच तत्त्वावर माणसांच्या चालण्यातून वीज मिळविण्याचे प्रयोग २००६ नंतर टोकियो रेल्वे स्थानकात झाले. अशा वार्ता वाचून धर्मशाळेत किंवा सभागृहात तशा फरशा बसवाव्यात, असे कोणासही वाटेल. परंतु संस्थेचा पैसा दात्यांचा असतो. तो खर्चण्यापूर्वी हिशेब मांडलेला बरा.

साठ किलो वजनाच्या व्यक्तीच्या पावलाने फरशी ५ मिलिमीटर दबली, तर फार तर ३ ज्यूल ऊर्जा हाती येते. दहा वॅटचा दिवा दर सेकंदास १० ज्यूल वापरतो. म्हणजे हजार पावलांची सारी ऊर्जा साठविली, तरी तो दिवा जेमतेम ५ मिनिटे जळेल. प्रत्यक्षात त्याहूनही कमी. शिवाय ही ऊर्जा फुकटची नव्हे. ती चालणाऱ्याने खाल्लेल्या अन्नातून येते. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही, तिचा केवळ पर्याय बदलतो.

मग या विद्येचा उपयोग कोठे? जेथे गरजच अल्प आहे तेथे. कारखान्यातील मोटारीवर बसविलेले छोटे उपकरण तिचे तापमान व थरथर मोजून अधूनमधून बिनतारी संदेश पाठविते. त्यास सरासरी मिलिवॅटहूनही कमी शक्ती पुरते आणि ती मोटारीच्या अखंड कंपनातून मिळू शकते. बेअरिंग झिजू लागल्याची सूचना वेळीच मिळते, सेल बदलणे टळते आणि टाकाऊ सेलांचा कचराही घटतो. मात्र असे साधन बहुधा ठरावीक गतीच्या कंपनासाठीच जुळविलेले असते. मोटारीची गती बदलली की त्याचे उत्पन्न घटते, ती थांबली की संपते.

येथे मिळकत वाढलेली नाही. उपकरणाची गरज घटली, म्हणून थोडकी मिळकत पुरू लागली. अपरिग्रहाच्या संस्कारात वाढलेल्या कुटुंबांस हा हिशेब नवा नाही. सभागृहात नव्या फरशा बसविण्यापूर्वी रिकाम्या खोलीतील दिवे व पंखे बंद करण्याची सवय लावली, तर त्यातील बचत हजारो पावलांच्या कमाईहून मोठी ठरेल.