पहिला हात कोणाचा पडतो

आवणीचे दिवस होते. सूर्या नदीच्या पलीकडच्या पाड्यावरची एक आई तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन मासवणला माझ्या दवाखान्यात आली. मुलगा लंगडत होता. शाळेत कबड्डी खेळताना पडला आणि तेव्हापासून गुडघा दुखतो, असे तिने सांगितले. हाडवैद्याने तीन आठवडे तेल लावून चोळले होते. सूज उतरेना म्हणून एका दवाखान्यात, आत पू असेल या समजुतीने, गुडघ्याच्या वर आडवी चीर दिली गेली होती. पू निघाला नव्हता, काळसर रक्त निघाले होते. मी विचारले, दुखते कधी जास्त? ती म्हणाली, ‘‘दिवसा चालतो डॉक्टर, पण रातचा निजत नाही. पाय धरून बसून राहतो.’’

त्या वेळी वीज गेलेली होती. एक्स-रेची फिल्म मी खिडकीच्या उजेडात धरली. मांडीच्या हाडाचे खालचे टोक पोखरल्यासारखे, काठ अस्पष्ट. हाडावरचे आवरण एका बाजूने उचलले जाऊन तिथे छोटा त्रिकोण झालेला, आणि हाडाबाहेर मांसात पसरलेल्या किरणांसारख्या बारीक रेषा. ऑस्टिओसार्कोमाचे, म्हणजे हाडाच्या कर्करोगाचे, पाठ्यपुस्तकातले चित्रच. मुलगा परळच्या टाटा रुग्णालयात गेला, औषधे झाली, पण पाय वाचला नाही. ज्या थरांतून ती आडवी चीर गेली होती, त्या सगळ्या थरांत ट्यूमरच्या पेशी पसरल्या होत्या. मांडीतून पाय काढावा लागला.

ट्यूमरने पाय नेला असे आपण म्हणतो. या मुलाच्या बाबतीत ते पूर्ण खरे नाही. हाडाच्या कर्करोगात पाय राहणार की जाणार, हे पुष्कळदा मोठ्या रुग्णालयात ठरत नाही. सूज पहिल्यांदा ज्याच्या हाताखाली येते, तिथेच ते ठरून जाते. तो हात मासवण, मनोर, बोईसर, सफाळ्याच्या तुम्हा-आम्हा डॉक्टरांचा असतो. म्हणून हा अंक हाडाच्या कर्करोगावर.

नवे काही नाही हे. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद हेन्री मॅन्किन आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये 329 रुग्णांच्या बायोप्सी तपासल्या. निदानातली मोठी चूक 18 टक्क्यांहून अधिक रुग्णांत निघाली आणि 4.5 टक्के रुग्णांचा हात किंवा पाय केवळ बायोप्सी चुकल्यामुळे, गरज नसताना कापावा लागला. ज्यांची बायोप्सी उपचार केंद्राबाहेर झाली होती, त्यांच्यात या चुका कित्येक पटींनी जास्त होत्या. 1996 मध्ये त्यांनी पुन्हा मोजणी केली. चित्र फारसे बदललेले नव्हते.

हे आजार दुर्मीळ आहेत आणि अडचण नेमकी तीच आहे. ऑस्टिओसार्कोमा वर्षाला दहा लाखांमागे तीन-चार जणांना होतो. सर्वसाधारण डॉक्टरला आयुष्यभरात एखादा दिसेल, आणि तो एकच रुग्ण दुखापतीच्या वेषात येईल. दुखापतीने हा कर्करोग होत नाही. पडल्यामुळे त्या जागेकडे लक्ष जाते, इतकेच. दहा ते वीस वयाच्या, झपाट्याने वाढणाऱ्या मुलात गुडघ्याभोवती, म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या किंवा नडगीच्या वरच्या टोकाला, नाहीतर खांद्याजवळ दुखणे असेल, ते रात्री वाढत असेल, दोन-तीन आठवड्यांत कमी होत नसेल, तर दोन बाजूंनी एक्स-रे काढा. गुडघा दुखतो म्हणून फक्त गुडघ्याची फिल्म काढली तर मांडीचे हाड अर्ध्यावर कापले जाते. लांब फिल्म मागा. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज आणि एलडीएच वाढलेले असू शकतात. ते वाढलेले नाहीत म्हणून निश्चिंत मात्र होऊ नका.

युइंग सार्कोमा जास्त फसवतो. जेम्स युइंग यांनी 1921 मध्ये तो वेगळा आजार म्हणून मांडला. यात मुलाला ताप असतो, ईएसआर चढलेला, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, जागा गरम आणि लाल. कोणीही ऑस्टिओमायलायटिस, म्हणजे हाडातला जंतुसंसर्ग, म्हणेल. लांब हाडाचा मधला भाग, कमरेचे हाड किंवा बरगडी, आणि एक्स-रेवर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसले तर थांबा. आत सुई घातली तर मेलेल्या पेशींचा पुवासारखाच द्रव येतो, आणि तिथेच आपण हरतो. जुना नियम लक्षात ठेवावा: जे कल्चरला पाठवाल ते बायोप्सीलाही पाठवा, आणि जे बायोप्सीला पाठवाल ते कल्चरलाही. हा ट्यूमर केमोथेरपीला आणि रेडिएशनला चांगला प्रतिसाद देतो, त्यामुळे त्याला सहा महिने अँटिबायोटिक देत बसणे फार महागात पडते.

आपल्या पालघर जिल्ह्यात क्षयरोग भरपूर, त्यामुळे सुजलेला गुडघा दिसला की एकेटी, म्हणजे क्षयाची औषधे, सुरू करायचा मोह होतो. गुडघ्याच्या क्षयात सांधा स्वतःच आजारी असतो. तो आखडतो, मांडीचे स्नायू सुकतात. ऑस्टिओसार्कोमात सांध्यातली कूर्चा बराच काळ भिंतीसारखी उभी राहते, म्हणून सूज मोठी असूनही गुडघा बऱ्यापैकी वाकतो. हा फरक हाताने कळतो, त्याला मशीन लागत नाही. शंका राहिली तर ऊतीचा पुरावा आल्याशिवाय एकेटी सुरू करू नये, हे माझे ठाम मत आहे.

मोठ्या माणसांचे चित्र वेगळे. चाळिशीनंतर कमरेचे हाड, मांडी किंवा खांदा हळूहळू दुखू लागला आणि फिल्मवर लाहीसारखे चुन्याचे ठिपके दिसले तर कॉन्ड्रोसार्कोमाचा विचार करा. त्यावर नेहमीच्या केमोथेरपीचा आणि रेडिएशनचा फारसा उपयोग नाही, शस्त्रक्रिया हाच आधार. माकडहाडाजवळचा कॉर्डोमा हा ट्यूमर क्वचित दिसतो, पण मूळव्याध आणि बद्धकोष्ठ म्हणून वर्षभर फिरतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा पंचावन्न वर्षांचा कामगार कंबरदुखीसाठी इंजेक्शने घेत राहतो, तेव्हा त्याला एकदा हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ईएसआर करायला सांगा. मल्टिपल मायलोमा तिथेच सापडतो. आणि वेदनाशामक गोळ्यांनी त्याची आधीच दुबळी मूत्रपिंडे आपणच आणखी खराब करत असतो. प्रौढांच्या हाडात सापडणारा कर्करोग बहुतेक वेळा मूळ हाडाचा नसतोच, तर स्तन, प्रोस्टेट, फुफ्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉईडमधून आलेला असतो. म्हणून हाडाकडे पाहताना स्तन आणि गळा तपासायचा राहू नये.

बोईसरचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात: अणुभट्टीमुळे झाले का? तारापूरचे अणुऊर्जा केंद्र 1969 पासून चालू आहे आणि भीती स्वाभाविक आहे. किरणोत्सर्गाने हाडाचा कर्करोग होऊ शकतो. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रेडियमने रंगवणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी अणकुचीदार करत. पोटात गेलेले रेडियम कॅल्शियमसारखे हाडात साठले, आणि त्यांच्यात ऑस्टिओसार्कोमा झाल्याचे हॅरिसन मार्टलँड यांनी 1929 मध्ये नोंदवले. पूर्वी रेडिएशन घेतलेल्या जागीही तो काही वर्षांनी येतो. काहींत जन्मजात जनुकदोष असतो. पण बहुतेक मुलांत कारण सापडत नाही. आईच्या मनात कंपनी, नशीब किंवा तिची स्वतःची हयगय यांपैकी कशाचाही संशय पुराव्याशिवाय पेरू नये. तिला पुढचे वर्षभर आपली सगळी ताकद लागणार आहे.

आणि ते वर्ष व्यर्थ जात नाही. केमोथेरपी येण्यापूर्वी, पाय कापूनही, ऑस्टिओसार्कोमाचे पाचांतले चार रुग्ण दगावत. आज आजार फुफ्फुसात पोहोचण्याआधी पकडला तर दहांतले सहा-सात वाचू शकतात, आणि बहुतेकांचा पायही राहतो: धातूचा कृत्रिम सांधा बसवून, किंवा हाडाचा तुकडा बाहेर काढून, त्याला रेडिएशन देऊन परत बसवून. परळच्या टाटा रुग्णालयाने महागड्या मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या मात्रेशिवाय चालणारी ओजीएस-12 ही उपचारपद्धती आपल्याकडच्या रुग्णांसाठीच बसवली. 1941 मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय 1962 पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे, त्याच विभागाकडे ज्याच्या छत्राखाली तारापूर चालते. बोईसरकरांना हे मी मुद्दाम सांगतो.

रुग्ण पाठवताना केवळ चिठ्ठी देऊन भागत नाही. वाघोबा खिंड ओलांडून पालघर, तिथून लोकलने दादर, मग परळ. पहिल्यांदा मुंबईला जाणाऱ्या वारली कुटुंबाला हा प्रवासच अर्धा आजार वाटतो. शिधापत्रिका आणि आधारवरचे नाव जुळते का ते आधी पाहा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तिथेच अडकते. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, लहान मुलांसाठी सेंट ज्यूड केंद्रे यांची नावे चिठ्ठीवर लिहा. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाणार असेल तर उपचार मध्येच सुटण्याचा धोका आहे. आशाताईला सांगून ठेवा.

आणि आपल्या हातून काय होऊ नये? चोळू नका, शेकू नका, चीर देऊ नका. बायोप्सी जो सर्जन पुढे शस्त्रक्रिया करणार, त्यानेच किंवा त्याच्या सांगण्यावरून व्हावी. सुईचा मार्गसुद्धा नंतर ट्यूमरसोबत कापून काढावा लागतो. एमआरआयसाठी रुग्णाला इथे थांबवू नका. फिल्म, वेदनेची हकीकत आणि न छेडलेली सूज, एवढेच घेऊन तो आठवड्याच्या आत परळला पोहोचावा. पाड्यावरच्या हाडवैद्याशीही बोला. रागावून नव्हे, बसून. रात्रीचे दुखणे असलेला मुलगा आला तर तेल लावण्याआधी आमच्याकडे पाठव, एवढे त्याला पटले तरी पुष्कळ.

पुढच्या अंकापासून हाडांच्या एक्स-रेचे एक पान सुरू करत आहोत. तुमच्या कपाटात अशा जुन्या फिल्म असतील, विशेषतः जिथे निदान उशिरा झाले त्या, तर रुग्णाचे नाव झाकून जरूर पाठवा. पहिली फिल्म मी त्या कबड्डी खेळणाऱ्या मुलाची देत आहे.