अक्कलदाढेचे आठ दिवस

गेल्या महिन्यांत हें सदर आलें नाहीं, याबद्दल कांहीं वाचकांनीं प्रेमळ पृच्छा केली आहे. कोलाडास आपल्या घरीं आम्ही आठ दिवस गाल धरून बसलों होतों, एवढेंच त्याचें कारण.

खालची डावी अक्कलदाढ आम्हांस बरींच वर्षें अधूनमधून सतावीत असे. ती निम्मी हिरडीखालीं राहून शेजारच्या दाढेवर तिरपी टेकली होती. अशा दाढेवर हिरडीची झडप राहते, तिच्याखालीं अन्न अडकतें, सूज येते आणि तोंड उघडेनासें होतें. हा विकार नवा नव्हे. सुश्रुतानें अधिमांस नांवाचा जो मुखरोग वर्णिला आहे, त्याचीं लक्षणें म्हणजे शेवटच्या दाढेपाशीं मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणें. तें मांस छेदून काढावें, असें त्यानें स्पष्ट सांगितलें आहे. आम्ही मात्र दाढेखालीं लवंग धरून दिवस काढीत राहिलों. सतराव्या ते पंचविसाव्या वर्षीं येणारी ही दाढ त्रास देऊं लागली तर तरुणपणींच काढलेली बरी. पुढें हाड घट्ट होतें व मुळें पक्कीं होतात. आम्हीं पन्नाशी उलटूं दिली.

शेवटीं रोह्यास एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे गेलों. त्यांनीं क्ष-किरणांचें चित्र काढलें व डावी दाढ काढावयाची ठरविली. उजवीही लगेहात काढा, असें आम्हीं उदारपणें सुचविलें; पण ती निरोगी आहे, तिला हात लावणार नाहीं, असें त्या म्हणाल्या. विलायतेंतही २००० सालापासून निरोगी अक्कलदाढा उगाच काढूं नयेत असाच सरकारी आरोग्यसेवेचा दंडक आहे.

दाढ काढतांना दुखलें नाहीं. हिरडी कापली, हाड थोडें कोरलें, दाढेचे दोन तुकडे करून ते निरनिराळे काढले आणि टांके घातले. आम्हांस काय तो जात्यासारखा घरघराट कवटींत ऐकूं आला. १८४४ सालच्या डिसेंबरांत अमेरिकेंतील हार्टफर्ड गांवीं होरेस वेल्स या दंतवैद्यानें हास्यवायु हुंगून स्वतःचीच दुखरी दाढ उपटून घेतली होती. आमच्या जबड्यांत टोचलेलें लिग्नोकेन हें त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं, १९४३ सालीं, स्वीडनमध्यें सिद्ध झालें. या दोन गृहस्थांचें ऋण आम्ही मानतों. दुःख सगळें पुढेंच होतें.

निघतांना डॉक्टरीणबाईंनीं सूचनांचा एक छापील कागद दिला. तो आम्हीं न वाचतां घडी करून खिशांत घातला. परततांना रस्त्यांतील खड्डे जबड्यानें मोजले आणि संध्याकाळीं बधिरपणा उतरतांच ओटीवर आडवे झालों. मातुश्री तुरटी घातलेलें कोमट पाणी घेऊन आल्या. “अरे, आधीं खळखळून चुळा भर. नासकें रक्त तोंडांत राहूं द्यायचें नसतें.” चौऱ्याऐंशीं वर्षांच्या अनुभवाचें तें बोलणें होतें. आम्हीं तीन वेळां खळखळून चुळा भरल्या. पाणी लाल आलें, मग निवळलें, बरें वाटलें.

जें निघून गेलें तें नासकें रक्त नव्हतें. दाढ निघाल्यावर त्या खड्ड्यांत रक्ताची गुठळी बसते. उघड्या हाडावर व मज्जातंतूंवर तेंच पांघरूण, आणि नवें मांस तिच्यांतूनच भरून येतें. म्हणून पहिले चोवीस तास चूळ भरावयाची नाहीं, जोरानें थुंकावयाचें नाहीं, नळीनें कांहीं ओढून प्यावयाचें नाहीं, ऊन पदार्थ घ्यावयाचा नाहीं. तंबाखू व विडी तर पुढेंही कित्येक दिवस वर्ज्य. बर्फ लावावयाचा तो गालावर बाहेरून. मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा दुसऱ्या दिवसापासून, त्याही हलक्या. हें सर्व त्या कागदावर छापलेलें होतें.

तिसऱ्या रात्रीं कळ कानांत व कानशिलांत शिरली. गोळ्यांनीं कांहीं होईना. पू झाला असेल, शीर तुटली असेल, याहूनही वाईट कांहीं असेल, असे नाना तर्क मनांत आले. डॉक्टरीणबाईंनाही मनांतल्या मनांत बोल लावून झाला. सकाळीं भिऱ्याच्या वीजघरांतून सुटलेल्या पाण्यावर होड्या घालावयास पाहुण्यांच्या गाड्या कुंडलिकेकडे निघाल्या. त्यांतील तरुणांचा आरडाओरडा एरवीं आम्हांस आवडतो. त्या दिवशीं त्यांचा फार राग आला.

पुन्हा रोहें गांठलें. “काका, पहिल्या दिवशीं चूळ भरली होती का?” बाईंनीं तोंडांत पाहतांच विचारलें. आमच्या सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहिलें. “भरली होती, आमच्याच अकलेनें,” आम्हीं उत्तर दिलें. बाईंनीं खड्डा धुतला आणि औषधांत भिजवलेली पट्टी आंत बसविली. वास ओळखीचा होता. लवंगेच्या तेलांतील मुख्य द्रव्य तें हेंच, असें त्यांनीं सांगितलें. गाडींत बसेपर्यंत कळ निम्म्यावर आली.

घरीं मातुश्री दारांतच उभ्या होत्या. “काय लावलें रे त्यांनीं?”

“लवंगेचें तेल.”

“मग मी वर्षानुवर्षें काय सांगतें आहें!” असें म्हणून त्या समाधानानें देवघरांत गेल्या. तुरटीच्या पाण्याचा विषय आम्हीं काढला नाहीं. सौभाग्यवतींनींही काढला नाहीं.

पट्टी दोनदां बदलावी लागली. त्या दिवसांत गार केलेली पेज, गुरगुट्या भात आणि ताक यांवर आमचें उत्तम भागलें. सातव्या दिवशीं टांके निघाले व तोंड दोन बोटें उघडूं लागलें. खालचा ओंठ बधिर राहिला तर तें डॉक्टरांस अवश्य कळवावें, असेंही कागदावर होतें. आमच्या सुदैवानें तशी वेळ आली नाहीं. हिरडी कांहीं आठवड्यांत मिटेल. आंतील हाड भरून येण्यास मात्र कित्येक महिने लागतात. तोंवर भाकरी उजव्या बाजूनें चालूं आहे.