तिथे पाहण्यासारखे काय आहे?

वेस्ट इंडिजची सफर करून आलेल्या मराठी मंडळींशी माझे हटकून भांडण होते. मंडळी हौशी असतात. पोर्ट ऑफ स्पेनला उतरली की प्रथम क्वीन्स पार्क ओव्हलवर जातात आणि १९७१ च्या मार्चमधला तो सामना आठवून येतात. वाडेकरांचे कप्तानपद, सरदेसायांचे शतक, कोवळ्या गावसकरांचे पदार्पण! यात मीही त्यांच्याबरोबर आहे. मग टोबॅगोची वाळू होते, नारळाचे पाणी होते, शेकड्यांनी छायाचित्रे होतात. पण “नेल्सन बेटावर गेला होतात का?” असे मी विचारले की उत्तर ठरलेले: “छे हो! तिथे पाहण्यासारखे काय आहे?”

या प्रश्नाशी माझे वैर आहे, आणि वाचकांचा फराळ आटोपला असेल असे धरून आज मी ते उघडपणे मांडणार आहे.

डोळ्यांच्या हिशेबाने पाहिले तर तिथे फारसे काही नाही, हे खरे. पोर्ट ऑफ स्पेनच्या पश्चिमेला, पारियाच्या आखातात, काही खडकाळ ठिपके आहेत. त्यांना ‘पाच बेटे’ म्हणतात. मोजू लागले तर सहा भरतात. नेल्सन हे त्यांतलेच एक. तिथला नॅशनल ट्रस्ट या बेटाची निगा राखतो आणि लाँचने एका दिवसाच्या सहली नेतो. अशाच एका सहलीत मी ते पाहिले. पाणी काही चित्रातल्यासारखे निळेशार नाही. ओरिनोको नदीचा गाळ त्यात मिसळलेला. जवळच्या कॅरेरा बेटावर तुरुंगाच्या इमारती. नेल्सनवर जुन्या दगडी भिंती, रिकाम्या खोल्या आणि खडकांवर बसलेले पेलिकन पक्षी. सारे बेट हिंडायला पाऊण तासही पुष्कळ झाला.

पण १८६६ पासून १९१७ पर्यंत कलकत्त्याहून आणि थोड्या प्रमाणात मद्रासहून निघालेली मजुरांची जहाजे याच बेटाशी रिकामी होत होती. १८३८ मध्ये गुलामांची सुटका पुरी झाली आणि उसाच्या मळेवाल्यांना हात कमी पडू लागले. ते हात हिंदुस्थानातून आले. ‘फतेल रझाक’ हे पहिले जहाज ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला लागले. १९१७ पर्यंत आलेल्यांची संख्या सुमारे १,४४,००० भरली. महिनोन्‌महिने समुद्रावर काढलेली ही माणसे बेटावर उतरवीत, डॉक्टर त्यांना तपासत, आजाऱ्यांना मागे ठेवीत आणि धडधाकटांची मळ्यामळ्यांना वाटणी होई. करार पाच वर्षांचा. कामावर गैरहजर राहणे हा गुन्हा, चिठ्ठीवाचून मळ्याबाहेर पडणे हाही गुन्हा. त्याला दंड, नाही तर तुरुंग. भरती करणारे अरकाटी त्रिनिदादला ‘चिनीदाद’ म्हणत, तिथे साखर चाळायचे हलके काम आहे असे सांगत, अशी आठवण तिथल्या घराघरांत आहे. करंज्यांत साखर भरणाऱ्या हातांनी ही गोष्ट ऐकायला नको काय?

यावर पहिला आक्षेप येतो तो आनंदी माणसांचा. “त्यांचे वाईट काय झाले? आज तिथे आपली माणसे सुखात आहेत. दिवाळी तर थाटात होते!” होते खरी. १९६६ पासून तिथे दिवाळीची सार्वजनिक सुट्टी आहे आणि १९८६ पासून ‘दिवाळी नगर’चा उत्सव भरतो. पण नातवाने दिवा लावला म्हणून आजोबाला फसवून नेणाऱ्याचा हिशेब चुकता होतो, हे गणित मला कुणी समजावून सांगावे! ती दिवाळी त्या लोकांनी स्वतःच्या हिमतीवर टिकवली. तिचे श्रेय कराराला देणे म्हणजे पूर ओसरल्यावर पोहून वाचलेल्याचे कौतुक पुराला करणे होय.

दुसरा आक्षेप खास आपल्याकडचा. “ती माणसे बहुतेक बिहार नि उत्तर प्रदेशकडची. महाराष्ट्राचा त्यात काय संबंध?” संबंध आहे, आणि विसरल्याची लाज वाटावी इतका जवळचा आहे. हे बेट मजुरांसाठी उघडले त्याच १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ही करारभरती बंद करा असा ठराव मांडला. अनोळखी मुलखात, अनोळखी धन्याकडे, कलमे न समजता, फौजदारी शिक्षेच्या धाकाखाली माणसे बांधली जातात, हे त्यांनी तिथे मांडले. सरकारपक्षाच्या बहुमताने ठराव पडला. १९१५ मध्ये गोखले गेले. १९१६ मध्ये मालवीयांनी तोच विषय पुन्हा आणला, तेव्हा सरकारला तत्त्व मान्य करावे लागले. १९१७ मध्ये भरती थांबली. जी माणसे गोखल्यांनी कधी पाहिली नाहीत, त्यांच्यासाठी ते भांडले. आम्हाला मात्र तिकीट काढून गेल्यावरही ते बेट पाहवत नाही!

तिसरा आक्षेप थकलेल्या माणसांचा: “सुट्टीत दुःख कशाला?” मी तरी कुठे सगळी सुट्टी मागतो आहे? एक दिवस मागतो. आणि तो दुःखासाठी नव्हे, नजरेसाठी. हेच दिवस पाहा. मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या आता साखरपट्ट्याकडे निघतील. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत नवराबायको कोयता धरतील. त्यांच्यापुढे सातासमुद्रांचा प्रवास नाही आणि हंगाम संपला की ती घरी येतात, हा फरक मोठा आहे. तो मी पुसत नाही. पण आगाऊ पैशाने माणूस कसा बांधला जातो, हे नेल्सन बेटावर उभे राहून ज्याने ध्यानी घेतले, त्याला रस्त्याने जाणारी ती गाडी नुसती गाडी दिसणार नाही. त्या गाडीत पाहण्यासारखे काय आहे, असे तो विचारणार नाही.

तेव्हा सफरीचे बेत आखणाऱ्यांनो, टोबॅगोला अवश्य जा, ओव्हलवर टाळ्या वाजवून या. फक्त यादीत या बेटासाठी एक दिवस राखून ठेवा. मुलांनाही बरोबर न्या. मुले विचारतील, “ही माणसे इथे का आली?” त्याचे उत्तर तुम्हाला द्यावे लागेल, एवढ्यासाठी तरी न्या.